कागद रवाना, दरखास्त निकाली: एका निवृत्त नाझराचं खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती, मुंबई उच्च न्यायालय
आणि
मा. अपर मुख्य सचिव (महसूल), मंत्रालय, मुंबई

महोदय,

एकच पत्र दोन दारांत टाकणं रीतीला सोडून आहे, हे मला कळतं. पण माझ्या पत्नीच्या जमिनीची फाइल तुमच्या दोन खात्यांच्या मध्ये कुठेतरी पडली आहे. एका कार्यालयात विचारलं की ते दुसऱ्याकडे बोट दाखवतं. म्हणून दोघांना एकाच वेळी लिहितो आहे.

मी दिवाणी न्यायालयात ३४ वर्षं नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, नाझर म्हणून निवृत्त झालो. पक्षकारांनी भरलेले पैसे, समन्स-नोटिसा, जप्तीची आणि कब्जाची वॉरंटं आणि ती घेऊन गावोगाव हिंडणारे बेलिफ, असा सगळा संसार नाझराकडे असतो. न्यायाधीशसाहेब निकाल देतात तो कागदावर. तो जमिनीवर उतरवायची वेळ आली की काम आमच्या टेबलावर येतं. त्यामुळे निकाल मिळूनही माणसाच्या हाती काही का पडत नाही, हे मला नोकरीतच पुष्कळ दिसलं होतं. निवृत्तीनंतर ते घरात बघायला मिळालं.

वकील नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. दावा जिंकला की हुकूमनामा मिळतो. समोरचा आपणहून पाळत नसेल, आणि तो बहुधा पाळत नाहीच, तर त्याच कोर्टात पुन्हा अर्ज करावा लागतो. त्याला दरखास्त म्हणतात. दरखास्तीला नवा नंबर पडतो, नव्या नोटिसा निघतात, नवं वकीलपत्र लागतं. हुकूमनाम्यापासून १२ वर्षांच्या आत ती दाखल करावी, अशी मुदत कायद्यात आहे. ही मुदत जिंकलेल्या माणसासाठी. दाखल झालेली दरखास्त कोर्टाने किती दिवसांत संपवावी, यावर १९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता गप्प आहे. तिच्या ऑर्डर २१ मध्ये शंभरावर नियम आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक नियमाला धरून एकेक वर्ष काढणारी माणसं मी पाहिली आहेत.

हे दुखणं आजचं नाही. १८७२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, दरभंगा संस्थानाच्या एका प्रकरणात लिहून ठेवलं की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षं झाली. आपले न्यायाधीश ते वाक्य अजूनही निकालपत्रांत उतरवून घेतात.

कब्जा वॉरंटाचं एक चित्र सांगतो. बेलिफ गावात पोचायच्या आधी बातमी पोचलेली असते. घराला कुलूप. कुलूप तोडायचं तर कोर्टाचा वेगळा हुकूम हवा. तो आणला तर आत म्हातारी अंथरुणाला खिळलेली. पोलीस बंदोबस्त मागावा तर आधी अर्ज, मग शुल्क, मग गणपती, मग निवडणूक. सगळं जुळून आलं की ऐन वेळी कोणीतरी भाचा उंबऱ्यात उभा राहतो: मी इथे स्वतंत्र हक्काने राहतो, मला दाव्यात पक्षकारच केलेलं नाही. ऑर्डर २१च्या नियम ९७ खाली त्याची चौकशी सुरू होते, म्हणजे दाव्याच्या पोटात दुसरा दावा. त्याच्यावरही अपील आहेच.

सगळ्याच हरकती खोट्या असतात असं मात्र मी म्हणणार नाही. एकदा आमच्याच माणसाने चुकीच्या जागेवर वॉरंट नेलं होतं. हुकूमनाम्यात चतुःसीमा होत्या वीस वर्षांपूर्वीच्या: पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचं घर. ओढा बुजला होता आणि अमक्याने घर विकून पुण्याला बस्तान हलवलं होतं. त्या घरातल्या बाईने दारात आडवी काठी टाकून बेलिफाला उभंच केलं. तिचं बरोबर होतं. कर्ज फेडायला खरोखर काही नाही अशा माणसाला निव्वळ गरिबीसाठी दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितलं, तेही बरोबरच आहे. माझी तक्रार हरकतींबद्दल नाही. ज्या टप्प्यावर हरकत घ्यायलाही कोणी नसतं, नुसती फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायची असते, तिथे वर्षं का जातात, हा माझा प्रश्न आहे.

आता घरची गोष्ट.

माझे सासरे २००६ साली गेले. वारसनोंद झाली, सात-बारावर दोन मेव्हण्यांबरोबर माझ्या पत्नीचं नाव लागलं आणि महिन्याभरात हक्कसोड पत्र घरी आलं, पेढ्यांच्या बॉक्सखाली ठेवून. तिने पेढे ठेवून घेतले आणि कागद परत केला. त्या वर्षापासून आमच्याकडे भाऊबीज नाही.

जमीन नऊ एकर, तीन गटांत, पाटपाण्याची, उसाची. तिचा हिस्सा एक तृतीयांश. समजुतीचे प्रयत्न झाले, मध्यस्थ झाले, शेवटी २००९ साली तिने वाटपाचा दावा लावला. मी कोर्टात नोकरीला, म्हणून ओळखीने काम होईल असं गावात बोललं गेलं. झालं उलटंच. आपल्या माणसासाठी कोणाला शब्द टाकायचा नाही म्हणून मी त्या कोर्टाच्या आवारातसुद्धा जायचं टाळलं. २०१६ साली हुकूमनामा झाला. मेव्हण्यांनी अपील केलं. नुसतं अपील केल्याने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही, असं संहितेची ऑर्डर ४१ स्पष्ट सांगते, पण व्यवहारात अपील संपेपर्यंत सगळेच थांबतात. आम्हीही थांबलो. मुलींचा जन्मतः हक्क असतो की नाही, याबद्दलचा घोळ तेव्हा मिटायचा होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला. आमचं अपील त्याआधीच, २०१९ साली, फेटाळलं गेलं होतं. इथवरच्या दहा वर्षांबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. साक्षी झाल्या, उलटतपास झाले, दोन न्यायाधीश बदलले. दाव्याला वेळ लागतो, हे मी पोटासाठी पाहत आलो होतो.

हुकूमनाम्याची शेवटची ओळ अशी: वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, सरस-निरस मानाने (चांगली-हलकी जमीन पाहून) करून वादीस कब्जा द्यावा. महाराष्ट्रात शेतजमिनीचं वाटप मागणाऱ्या जवळजवळ प्रत्येक हुकूमनाम्यात ही ओळ असते. ज्या जमिनीचा सरकारला महसूल द्यावा लागतो तिचं वाटप जिल्हाधिकाऱ्याने किंवा त्याने नेमलेल्या राजपत्रित अधिकाऱ्याने करावं, असं कलम ५४ सांगतं. ब्रिटिशांना महसुलाची चिंता होती. वाटणीत आकार, म्हणजे शेतसारा, बुडू नये म्हणून त्यांनी सुरी आपल्या कलेक्टरच्या हातात ठेवली. आज त्या आकाराची रक्कम चहापाण्याइतकीही नसते. सुरी मात्र अजून तिथेच आहे.

दरखास्त आम्ही २०१९च्या डिसेंबरात लावली. मग कोरोना. ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्टाने हुकूमनाम्याची नक्कल जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवली आणि रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, शेरा पडला: 'कागदपत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे रवाना. दरखास्त निकाली.'

असे शेरे मी स्वतः लिहून साहेबांसमोर सहीला ठेवलेले आहेत. किती, ते सांगता येणार नाही. महिनाअखेरीला निकाली प्रकरणांचा तक्ता करायचा असतो, न्यायाधीशांच्या कामाचं मोजमाप युनिटांत होतं, आणि कोर्टाने आपल्याकडून करायचं ते केलेलं असतं. तेव्हा त्यात गैर काही दिसलं नाही. आपल्याच घरचा कागद त्या वाटेने गेल्यावर दिसलं.

कारण त्या दिवसापासून आमच्या प्रकरणाला तारीख राहिली नाही. कोर्टात तारीख पडते म्हणून लोक वैतागतात. तारीखच न पडणं काय असतं, ते विचारा. तारीख असली की निदान त्या दिवशी कोणाला तरी उभं राहून सांगावं लागतं की काम का झालं नाही.

कागद जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलला आला, तिथे बारनिशीत (आवक नोंदवहीत) नोंद झाली, मग तो एका संकलनात (कार्यालयातल्या एका विभागात) जाऊन लाल रुमालात बांधला गेला. पाच महिन्यांनी मी चौकशीला गेलो तेव्हा अव्वल कारकुनांनी चांगल्या मनाने रुमाल सोडून दाखवला. त्यात आमच्यासारखीच दिवाणी कोर्टाकडून आलेली वाटपं होती, एकावर एक. सगळ्यात खालचा कागद पिवळा पडला होता. ते म्हणाले, "नाझरसाहेब, अतिवृष्टीचे पंचनामे आले की आम्ही तिकडे, निवडणूक आली की तिकडे. ह्याचं मला कोणी विचारत नाही. वरच्या आढावा बैठकीत हा विषयच नसतो." त्यांच्यावर रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला कोणी विचारलं नसतं तर मीही तेच केलं असतं. तो वर सांगितलेला शेरा काय वेगळा होता?

२०२२ साली कागद मोजणीसाठी भूमि अभिलेखकडे गेला. मोजणी फी आम्ही भरली. पहिल्या तारखेला एका हिस्सेदाराला नोटीस बजावलेली नव्हती. दुसऱ्या तारखेला ऊस उभा होता. आता उसाचं असं आहे की तो बारा ते अठरा महिने उभाच असतो, आणि तुटला की खोडवा येतो. उभं पीक हे कारण मानायचं ठरवलं तर आमच्या भागात मोजणी कधीच होणार नाही. तिसऱ्या तारखेला बंदोबस्त मिळाला नाही, निवडणूक होती. चौथ्या तारखेला, डिसेंबर २०२४ मध्ये, एक तरुण भूकरमापक रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र) घेऊन आले आणि दुपारी चारपर्यंत तिन्ही गट मोजून मोकळे झाले. सव्वातीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते काम एका दिवसाचंही नव्हतं.

मग वाटप तक्ता. मेव्हण्यांनी हरकत घेतली की एका गटात तुकडा पडतो, तुकडेबंदीच्या कायद्यात बसत नाही. ती हरकत ऐकण्याजोगी होती; त्या गटाऐवजी दुसऱ्या दोन गटांत हिस्सा भरून द्यायचा, हा उपाय सरस-निरसच्या नियमात आहे. तसा दुसरा तक्ता तयार झाला. तेवढ्यात २०२५च्या उन्हाळ्यात धाकटे मेव्हणे वारले. पत्नी गेली होती दहाव्याला, सोळा वर्षांनी माहेरच्या अंगणात. तहसील कार्यालयाने फाइल 'मयताचे वारस दाखल करण्याबाबत मार्गदर्शन व्हावे' असा शेरा मारून कोर्टाला परत पाठवली. कोर्टात गेलो तर सांगण्यात आलं, दरखास्त २०२१ सालीच निकाली निघाली आहे, या नंबरावर आता काही करता येत नाही, नवीन अर्ज द्या.

आज या प्रकरणाचं सतरावं वर्ष आहे. ऊस दरवर्षी कारखान्याला जातो. त्याचं बिल कोणाच्या खात्यावर जमा होतं, ते सांगायला नको.

महोदय, आता आकड्यांकडे येतो. २२ एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे आमचे कागद रवाना व्हायच्या चार महिने आधी, नागपूरचेच सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने सांगितलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत संपली पाहिजे, नाही संपली तर कारणं लेखी नोंदवली पाहिजेत. उच्च न्यायालयांनी वर्षभरात आपले नियम त्याप्रमाणे सुधारावेत, असंही सांगितलं. ६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयातल्याच न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या पीठाने देशभरातल्या उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले आणि पुन्हा सहा महिन्यांची मुदत घातली. ऑक्टोबरात हिशेब आला: सहा महिन्यांत ३,३८,६८५ दरखास्ती निकाली आणि तरीही ८,८२,५७८ शिल्लक. त्यांतल्या सुमारे ३ लाख ४१ हजार एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेतल्या. देशात सर्वांत जास्त.

वर्तमानपत्रांत त्या आकड्याबद्दल हळहळ छापून आली. मी तो आकडा वाचून वेगळ्याच कारणाने अस्वस्थ झालो. त्या ३ लाख ४१ हजारांत आमची दरखास्त नाही! ती निकाली आहे. तहसीलच्या त्या लाल रुमालात बांधलेली, 'रवाना' शेऱ्याने बंद झालेली प्रकरणंही त्यात कुठून येणार? ज्यांना तारीख आहे त्यांचीच मोजदाद झाली. आणि निकाली काढण्याचा दट्ट्या वरून वाढत जाईल तसतशी 'रवाना, निकाली' ही वाट अधिक सोपी वाटू लागेल, ही भीती मला त्या यंत्रणेत उभा जन्म घालवलेला माणूस म्हणून वाटते. आकडा कमी होईल. बांध तिथेच राहतील.

मुख्य न्यायमूर्ती महोदयांकडे माझं पहिलं मागणं इतकंच आहे की एका परिपत्रकाने हा शेरा बंद करावा. कलम ५४ खाली कागद पाठवले तरी दरखास्त बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या चालू कामाच्या यादीत, राहू द्या. दर दोन महिन्यांनी तारीख पडू द्या. त्या तारखेला तहसीलदारांचा एक पानी अहवाल येऊ द्या: नोटिसा झाल्या का, मोजणी कधी आहे, तक्ता कुठवर आला. कब्जेपावतीवर वादीची सही झाल्यावाचून ते प्रकरण कोणाच्याही तक्त्यात निकाली म्हणून चढू नये. याला कायदा बदलावा लागत नाही. मधल्या काळात कोणी वारलं तर वारस चालू दरखास्तीतच दाखल होतील, सहा वर्षांपूर्वीचा नंबर उकरायला लागणार नाही.

त्याच्याही अलीकडची एक गोष्ट. हुकूमनामा होतानाच त्याला नकाशा का जोडलेला नसतो? दावा चालू असतानाच कोर्ट कमिशनर नेमून मिळकतीचं नेमकं वर्णन आणि स्थिती नोंदवून घ्यावी, असं २०२१च्या निकालातच म्हटलं आहे. वाटपाच्या दाव्यात प्राथमिक (नुसते हिस्से ठरवणारा) हुकूमनामा झाल्यावर कोर्टाने आपणहून पुढची तारीख लावावी, पक्षकाराच्या वेगळ्या अर्जाची वाट पाहू नये, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं आहे. रोव्हरने एका दिवसात होणारी मोजणी निकालाच्या आधी झाली असती तर बुजलेल्या ओढ्यावरून कोणाच्या दारात काठी आडवी पडली नसती.

सचिव महोदयांना विनंती अशी. तहसीलदारांच्या मासिक आढाव्यात एक रकाना वाढवा: दिवाणी न्यायालयाकडून आलेली वाटपं, किती आली, किती झाली, सर्वांत जुनं कोणत्या सालचं. तो शेवटचा रकाना महत्त्वाचा. वाटपाची रीत १९६७च्या धारण जमिनींच्या विभाजनाच्या नियमांत आहे. प्रत्येक टप्प्याला दिवसांची मर्यादा घालणं तुमच्या हातात आहे. उभ्या पिकाचं कारण एकदाच चालेल, असं लिहून टाका. पिकाला धक्का न लावता मोजणी होते, हे तुमचे भूकरमापकच सांगतील.

आणि दोघांनी मिळून विचार करावा असं काम म्हणजे ते कलम ५४च. दिवाणी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, राज्याला राष्ट्रपतींच्या संमतीने दुरुस्ती करता येते. शेजारच्या कर्नाटकाने १९९८च्या अधिनियमाने ती करून घेतली. तिथे वाटप कोर्ट स्वतः करतं. गरज पडली तर तहसीलदारापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेल्या महसूल अधिकाऱ्याचा किंवा आपण नेमलेल्या कमिशनरचा अहवाल मागवतं. फाइल कोर्टाच्या बाहेर राहायला जात नाही. सीमाभागात आमचे पाहुणे आहेत, त्यांचीही वाटपं वर्षानुवर्षं चालतात, तिकडे सगळं आलबेल आहे असा माझा दावा नाही. पण त्यांना निदान कोणाच्या दारात उभं राहायचं ते ठाऊक असतं.

बेलिफांच्या रिकाम्या जागा, त्यांना मिळणारा भत्ता, दुचाकीच्या पेट्रोलचे पैसे, यांबद्दल एक वेगळं पत्र लिहिता येईल. ते माझ्यापेक्षा नोकरीत असलेल्यांनी लिहावं, पण त्यांना लिहिता येत नाही, हेही मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात मोठ्या मेव्हण्यांचा मुलगा घरी आला होता. चांगला मुलगा आहे, शिकलेला. म्हणाला, "आत्या, आमच्या पिढीला हे नको. तू म्हणशील तो गट घे, आपण मिटवू." पत्नीने त्याला विचारलं, "दादाला विचारलंस?" तो गप्प बसला. मग ती मला म्हणाली, कोर्टातून काय ते होऊ द्या, म्हणजे दोघांनाही कोणाचे उपकार नकोत. हुकूमनाम्यावरचा तिचा विश्वास माझ्यापेक्षा जास्त आहे. तिने रोजनामे लिहिलेले नाहीत.

आपला,
एक निवृत्त नाझर

ता. क. नवीन अर्ज घेऊन मी परवा कोर्टात गेलो होतो. अर्जावर हरकत निघाली आहे: मूळ दरखास्तीचं रेकॉर्ड निकाली म्हणून रेकॉर्ड रूमला जमा झालं आहे, ते मागवण्यासाठी आधी स्वतंत्र अर्ज द्यावा. तो अर्ज आज दिला. पोच मिळाली आहे. तारीख लिहिलेली नाही.